नंतर बसविलेले चाक

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस सिल्वासाला जाण्याचा योग आला. बडोद्याहून सकाळच्या गाडीने निघून वापीला उतरावे, आणि तेथून मोटारीने थोड्याच वेळात दमणगंगेच्या काठी पोचावे, इतका हा प्रवास सोपा आहे. माझ्या मांडीवर मात्र जुन्या धोतरात गुंडाळलेले एक वाटोळे गाठोडे होते. ती परात आहे की डफ, याविषयी डब्यातल्या सहप्रवाशांनी बरेच तर्क केले. ते आमच्या वडिलांच्या मोटारीच्या स्टिअरिंगचे चाक होते.

वडिलांनी १९६६ साली स्टँडर्ड हेरल्ड गाडी घेतली. मद्रासच्या कारखान्यातून ती निघाली तेव्हा तिला हे चाक नव्हते. तिचे मूळचे चाक प्लास्टिकचे, बारीक कड्याचे. एक-दोन वर्षांतच वडिलांनी ते काढून मुंबईच्या चोरबाजारातून आणलेले हे लाकडी चाक बसविले, आणि पुढली पंचवीस वर्षे त्यांचा हात याच लाकडावर राहिला. ते गेल्यावर गाडी अंगणातल्या पत्र्याखाली उभी राहिली ती राहिलीच. आता दादांनी ती नीट करावयास घेतली आहे. जानेवारी २०२३ मध्ये आपल्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. ते पाहून आल्यापासून त्यांच्या मनाने घेतले आहे की, आपलीही गाडी अशा मेळ्यात उभी राहावी, आणि उभी राहावी ती कारखान्यातून निघाली तशीच. मूळचे चाक माळ्यावर सापडले. तेव्हा लाकडी चाक भंगारात जावयाचे ठरले. मी ते मागून घेतले. "ने खुशाल, पण गाडीला परत बसवू या म्हणू नकोस," असे दादांनी बजावले.

सिल्वासाला वडिलांचे एक धाकटे स्नेही राहतात. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. मसाट येथील औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकचे साचेकाम करणाऱ्या एका कारखान्यात त्यांची सारी नोकरी झाली, आणि निवृत्त झाल्यावर ते तेथेच स्थायिक झाले. या गावाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. नगरहवेलीचा मुलूख १७८३ साली पेशव्यांनीच पोर्तुगिजांच्या हाती महसुलासाठी दिला होता. पुढे २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले, त्या लढ्यात सुधीर फडके, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे ही आपल्या ओळखीची मंडळी होती. आज तेथे पिपरिया, मसाट, खडोली या वसाहतींतून कृत्रिम धागा आणि प्लास्टिक यांचे कारखाने उभे आहेत, आणि त्यांच्या पलीकडे अजून साग-खैराचे रान आहे. अण्णांच्या घरामागल्या पडवीत या दोहोंचा संगम झाला आहे. कारखान्यातली विद्या आणि रानातले लाकूड घेऊन ते जुन्या मोटारींची स्टिअरिंगची चाके जमवितात आणि दुरुस्त करतात.

पडवीच्या भिंतीवर तीस-चाळीस चाके खुंट्यांना टांगलेली होती. कारखान्याने दिलेले चाक अण्णा सहसा ठेवीत नाहीत. त्यांचा जीव आहे तो मालकाने पदरचे पैसे खर्चून मागाहून बसविलेल्या चाकांवर. "कारखान्याचे चाक सगळ्यांना सारखे," ते म्हणाले. "हे मात्र एकेकाने निवडून घेतलेले. माणूस कसा होता ते यात दिसते."

चाक बदलावयाचे तरी कशासाठी, असा प्रश्न मोटारीशी संबंध नसलेल्या वाचकाला पडेल. जुन्या काळी चाक वळविण्यास यंत्राचे साहाय्य नसे, सारे बळ हाताचे. चाक जितके मोठे, तितके ते हाताला हलके लागते, म्हणून जुन्या गाड्यांची चाके परातीएवढी असत. पण शर्यतीच्या गाडीत माणूस चेपून बसलेला असतो, आणि हात थोडा हलताच गाडी वळावी अशी त्याची इच्छा असते. १७ इंचांचे चाक काढून १४ इंचांचे बसविले तर हाताला जोर सुमारे पंचमांशाने अधिक लावावा लागतो, पण हाताची फिरत तितकीच कमी होते आणि मांडीला जागा मिळते. दुसरे कारण पकडीचे. घामेजल्या हातातून गुळगुळीत प्लास्टिक निसटते, लाकूड किंवा चामडे निसटत नाही. तिसरे कारण हौसेचे, आणि ते सांगावयास कोणी लाजण्याचे कारण नाही.

भिंतीवर अगदी वरच्या बाजूस एक विलायती चाक होते. त्याचा प्रत्येक दांडा म्हणजे चार-पाच पोलादी तारांची जुडी. रस्त्याचा हादरा तारांतच जिरावा आणि हातापर्यंत येऊ नये, ही त्यातली युक्ती. ब्रुकलंड्स या इंग्लंडातील शर्यतीच्या मैदानावरून अशा चाकांना नाव पडले. ती करणारी ब्लूमेल ही कंपनी सायकलचे पंप आणि चिखलपाखेही करीत असे. त्याच्या खाली इटालियन धर्तीची लाकडी चाके होती. तुरीन शहरच्या एन्रिको नार्दीचे नाव या प्रकाराशी कायमचे जोडले गेले आहे. हा गृहस्थ १९०७ साली जन्मला आणि १९६६ साली वारला. एन्झो फेरारी यांनी स्वतःच्या नावाची गाडी काढण्यापूर्वी १९४० साली '८१५' नावाच्या दोन गाड्या केल्या, त्या कामात नार्दी होता, आणि त्या वर्षीच्या मिले मिलिया शर्यतीत त्यांपैकी एका गाडीत तो सहचालक म्हणून बसला होता. पुढे फेरारीच्या '२५०' मालिकेच्या गाड्यांना त्याचीच चाके बसत. ॲल्युमिनियमचे तीन दांडे, त्यांच्या कड्याला दोन्ही बाजूंनी लाकूड, आणि सर्वांना धरून ठेवणारे रिवेट, असा त्यांचा घाट. इंग्लंडात मोटो-लिटा आणि लेस लेस्टन यांनी तशीच चाके विकली. लेस्टन हा स्वतः शर्यतीत गाडी चालविणारा होता. चामड्याच्या जाड चाकाची कथा अशीच आहे. जानपिएरो मोरेत्ती या इटालियन चालकाने स्वतःच्या गाडीसाठी एक चाक करून घेतले. ते पाहून जॉन सर्टीझने आपल्या फेरारीला तसे घेतले, आणि १९६४ साली तो जगज्जेता झाला. त्यातून मोमो हे नाव निघाले. या साऱ्या मंडळींत एक गोष्ट समान दिसते. चाक कसे असावे हे त्यांनी आधी आपल्या हाताला विचारले आणि दुकान मागाहून काढले.

आपल्याकडे परदेशी माल येण्यावर कडक निर्बंध होते. विलायती चाक मिळावे ते एखाद्या संस्थानिकाच्या गाडीबरोबर आलेले, नाहीतर चोरबाजारातले. म्हणून येथल्या कारागिरांनी ती स्वतः केली. फियाट, अँबॅसडर आणि हेरल्ड या गाड्यांना बसणारी भोके पाडलेल्या दांड्यांची, रेक्झिन शिवलेली 'स्पोर्ट्स स्टिअरिंगे' ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. अण्णांच्या भिंतीचा निम्मा भाग याच चाकांनी भरला आहे. बाजारात त्यांना किंमत नाही. कोणी केली ते कोठे लिहिलेले नाही.

आता माझ्या गाठोड्याकडे वळतो. अण्णांनी चाक उन्हात नेले, उलटे केले आणि मधल्या सहा भोकांच्या वर्तुळावर कॅलिपर लावला. नार्दीच्या चाकाची सहा भोके ७४ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात, मोमोची ७० वर. पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटतात, पण एकाचे चाक दुसऱ्याच्या बैठकीवर बसत नाही. आमच्या चाकाचे माप या दोहोंपैकी एकाशीही जुळेना, आणि भोकांमधली अंतरेही सारखी नव्हती. "हाताने आखून पाडलेली आहेत," अण्णा म्हणाले. मग त्यांनी लाकडाला ओले बोट लावले. अक्रोड नव्हे, शिसवी. म्हणजे वडिलांनी जन्मभर ज्याला 'इटालियन' म्हटले ते मुंबईच्या कोणा सुताराने केले होते! मला क्षणभर ओशाळल्यासारखे झाले. अण्णा मात्र खूश झाले. हेरल्डच्या बांध्याचे चित्र १९५९ सालच्या मूळ विलायती गाडीसाठी मिकेलोत्ती याने काढले, आणि तोही तुरीनचाच. "गाडीही तुरीनवरून घेतलेली, चाकही तुरीनवरून घेतलेले. दोन्ही आपल्या लोकांनी येथे बनविले. मग शोभेना का एकमेकांना?" असे ते म्हणाले.

दुरुस्तीचे काम मी दोन दिवस बसून पाहिले. प्लास्टिकच्या चाकाला भेगा पडतात त्या बहुधा दांडा कड्याला मिळतो तेथे. आतले पोलाद आणि वरचे प्लास्टिक उन्हाने सारखे प्रसरण पावत नाहीत, शिवाय प्लास्टिक वर्षानुवर्षे आक्रसत जाते. अशी भेग नुसती वरून बुजवून भागत नाही. हॅकसॉने ती आतल्या पोलादापर्यंत उघडावी, गंज तारेच्या ब्रशाने काढावा, तेलाचा अंश पुसावा आणि मग एम-सीलसारखे दोन भागांचे लुकण दाबून भरावे. एक दिवस वाळू द्यावे. नंतर अर्धगोल कानस, मग पाणकागद, मग प्रायमर आणि रंग. घाई केली की पुढच्या उन्हाळ्यात भेग पुन्हा डोके वर काढते.

काही फार जुन्या कड्यांवर सेल्युलॉइड असते. त्या चाकांना अण्णांनी वेगळ्या कपाटात ठेवले आहे. पाणकागदाने घासले की कापराचा वास येतो, ती त्याची ओळख. हे द्रव्य चटकन पेट घेते, आणि म्हातारे झाले की त्यातून आम्लाची वाफ निघून शेजारची धातूची वस्तूही खाऊन टाकते. त्याला यंत्राची घासणी लावावयाची नाही, ऊनही लावावयाचे नाही. आपल्या कलाभवनात शिकून गेलेले दादासाहेब फाळके ज्या फितीवर चित्रपट काढीत ती याच द्रव्याची, आणि त्या काळच्या बहुतेक फिती आज उरलेल्या नाहीत, हे आठवले म्हणजे अण्णांच्या कपाटाचा अर्थ ध्यानात येतो.

लाकडी चाकाची रीत निराळी. आमच्या चाकाचा सांधा चार इंच उकलला होता. त्यात पातळ केलेले ॲराल्डाइट सुईने सोडून अण्णांनी तो शिकंज्यात धरला. चपड्याच्या पॉलिशाचा मोह त्यांनी टाळला. ते दिसते सुरेख, पण घामाने चिकटते आणि दमट हवेत पांढरे पडते. त्यांच्या हाताखाली वारली समाजाचा एक तरुण काम करतो. तो मळ पुसत असता एकदम थांबला आणि बोट ठेवून म्हणाला, "अण्णा, येथे घासू काय? ही अंगठीची खूण दिसते." कड्याच्या उजव्या अंगास, आतल्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढी खाच होती. आपल्या गाड्यांत डावा हात गिअरकडे जातो, उजवा चाकावरच राहतो. वडिलांच्या उजव्या अनामिकेत मुंजीतली अंगठी होती. ती मला ठाऊक होती, खाच ठाऊक नव्हती.

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. खाच भरून वर व्हर्निश दिले असते तर चाक नवे दिसले असते, आणि प्रदर्शनात मांडणाऱ्याने तेच मागितले असते. मी नको म्हणालो. त्या तरुणाने मळ काढला, बाकीच्या कड्याला पातळ व्हर्निशाचा एक हात दिला आणि ती जागा तशीच ठेवली.

आता दादांची बाजूही मांडली पाहिजे, कारण ती हलकी नाही. ते म्हणतात, जुनी गाडी हा इतिहासाचा पुरावा आहे, आणि प्रत्येकाने आपल्या लहरीप्रमाणे तीत घातलेली भर तशीच ठेवली तर मूळ वस्तू कशी होती हे पुढे कोणालाच कळणार नाही. हे खरे आहे. रस्त्यावरच्या निम्म्या जुन्या गाड्या अशा हौसेने विद्रूप झाल्या आहेत. दुसरे, लाकडी चाक धोक्याचे. अपघातात त्याच्या चिरफळ्या उडतात. आघात सोसणारे स्टिअरिंग असावे असा नियम अमेरिकेत १९६८ पासून आला, आणि आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या गाडीत चालकासमोर हवेची पिशवी सक्तीची झाली, ते उगीच नव्हे. आमच्या हेरल्डला यांपैकी काहीच नाही, हे मी त्यांना सांगतो, पण तेवढ्याने त्यांचे म्हणणे खोडले जात नाही. आजच्या रोजच्या वापरातल्या गाडीला कोणी हौसेने जुने चाक लावीत असेल तर त्याला मीही अडवीन.

परंतु रोजच्या वापराचा येथे प्रश्नच नाही. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे जे नियम २०२१ साली झाले, त्यांप्रमाणे अशी गाडी प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणावयाची आहे. आणि त्याच नियमांत मूळ रूपाची अट घालताना साटा, बांधा आणि इंजिन यांतील फेरफारांना मज्जाव केला आहे, हौसेच्या चाकाचे नाव घेतलेले नाही. तेव्हा चाक काढण्याचा आग्रह कायद्याचा नव्हे, आपल्याच मनाचा आहे. कारखान्यातून निघाली तो दिवस खरा, आणि नंतरची पंचवीस वर्षे खोटी, असे आपण का मानावे? मद्रासला ती गाडी यंत्र म्हणून तयार झाली. आमच्या घरची ती झाली रावपुऱ्यातून, मांडवीवरून, डाकोरच्या रस्त्याने फिरता फिरता. कोल्हापूरला दसऱ्याच्या मिरवणुकीत छत्रपतींची मेबॅक निघते, तेव्हा ती जर्मनीतून जशी आली तशी आहे की नाही, हे कोणी विचारीत नाही. लोक हात जोडतात ते ती गाडी कोल्हापूरची झाली म्हणून.

बडोद्यातल्या मराठी घराण्यांना तरी हे समजावून सांगावयास नको. आपणही येथे मूळचे नव्हेत. गायकवाडांच्या मागून आलो, येथे रुजलो, आणि आज बडोद्याचे चित्र आपल्याला वगळून काढता येत नाही. नगरहवेलीचेही तेच. दिली गेली, परत आली, १९६१ साली भारतात रीतसर सामील झाली, २०२० साली दमण-दीवशी जोडली गेली. मागून जोडलेले म्हणून परके, हा न्याय लावावयाचा तर आपल्यापैकी फारच थोडे जण मूळचे ठरतील.

म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे. मूळचे चाक टाकू नये आणि नंतरचेही टाकू नये. प्रदर्शनाच्या दिवशी कोणते लावावे हा मालकाचा प्रश्न, पण दुसरे जवळ असावे, आणि दोघांबरोबर एक चिठ्ठी असावी. कोणी घेतले, कोठून आणले, केव्हा बसविले, केव्हा काढले, दुरुस्तीत काय बदलले आणि काय मुद्दाम तसेच ठेवले. जमिनीची, वतनाची, मुंजी-लग्नांची दप्तरे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. मोटारीचे दप्तर चार ओळींचे असले तरी पुरे. अण्णांच्या भिंतीवरील निम्म्या चाकांना अशी चिठ्ठी नाही. त्यांचे मालक कोण होते ते आता कोणीही सांगू शकणार नाही, आणि याची खंत त्यांना कोणत्याही भेगेपेक्षा अधिक वाटते. दुरुस्ती करणाऱ्यांनाही एक विनंती. नवे दिसावे म्हणून घासण्यापूर्वी एकदा विचारावे. त्या तरुणाने विचारले नसते तर वडिलांच्या अंगठीची खूण पाणकागदावरच्या भुकटीबरोबर गेली असती, आणि ती होती हेही मला कधी कळले नसते.

चाक घरी आणून आठ दिवस झाले. दादांनी ते पाहिले, खाचेवर बोट ठेवले, आणि "बाबा फार घट्ट धरायचे," एवढेच म्हणाले. गाडीला मूळचेच चाक लावण्याचा त्यांचा बेत अजून कायम आहे. लाकडी चाक तूर्त ओटीवरच्या खुंटीला आहे, आणि त्याच्या दांड्याला मी चिठ्ठी बांधली आहे. तीत 'इटालियन' हा शब्द खोडून 'मुंबई, शिसवी' असे लिहिले.

दिवाळी जवळ आली आहे. घरोघर माळे आवरले जातील आणि भंगारवाल्याची हाक दारावर येईल. त्याला काही देण्यापूर्वी वाचकांनी ते एकदा उजेडात नेऊन पाहावे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे, ही विनंती. सांगणारे माणूस घरात आहे तोवरच विचारता येते.